पाखरीची मोहरकी

वहिनी,

तुझ्या तेराव्याला अंगणात माणसं मावली नाहीत. मी पंगतीत भात वाढत होते, आणि कोण कोण आलंय ते मी बघत नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल. डोंगराखालच्या वाडीवरच्या बायका आल्या होत्या. पनवेलच्या बँडवाल्यांपैकी चौघं आले होते, तेही गणवेश न घालता, त्यामुळे आधी ओळखूच येईनात. नेऱ्याच्या दवाखान्यातली नर्सबाई आली होती. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, आपल्या घोडीची. "घोरी बगा, तेरा दिस झालं, नीट खात नाय. मुक्या जनावरालाबी कलतं."

मी पातेलं कमरेवर धरून उभी होते आणि माझ्या मनात आलं, उद्या मी गेले तर कोण असं उपाशी राहील? माझा नवरा तर तेराव्यापर्यंत थांबणार नाही, दहाव्यालाच लोणचं कुठे ठेवलंय म्हणून शोधेल. तू मेलीस, वहिनी, आणि तरी मला तुझा हेवा वाटला. एवढं झाल्यावर आता लाजण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून जे इतक्या वर्षांत बोलले नाही ते सगळं आज बोलते.

पाखरी माझी होती. हे मला आधी सांगू दे. तू आमच्या घरात यायच्या सहा महिने आधी आमची वरातीची घोडी चंद्रा व्याली, तेव्हा आबा वरातीची सुपारी घ्यायला पनवेलला गेले होते आणि दादा नेहमीप्रमाणे कुठेतरी कॅरम खेळत होता. शिंगराचे पुढचे दोन पाय दिसले तेव्हा गोठ्यात मी एकटी. ते शिंगरू माझ्या मांडीवर पडलं. मी पोत्याच्या तरटानं त्याचं नाक पुसलं, आणि उठताना ते असं फडफडलं की मीच त्याचं नाव पाखरी ठेवलं. आबांचा टांगा तेव्हाच बंद पडला होता, स्टँडवर रिक्षा झाल्या होत्या, आणि घर चाललं होतं ते चंद्राच्या वरातींवर. म्हणून पाखरी म्हणजे घरातलं उद्याचं जेवणाचं पान होतं. आणि ते पान माझ्या मांडीवर पडलं होतं, एवढं मला पुरेसं होतं.

मग तू आलीस. घाटावरची, काळीसावळी, समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. तुझ्या वडिलांचीही वरातीची घोडी, जनावरांच्या बाजारात त्यांची आणि आबांची ओळख झाली आणि तिथेच सोयरीक ठरली. माप ओलांडून तू आत आलीस आणि बाकीच्या नवऱ्या देवापुढे वाकतात तशी वाकून झाल्यावर थेट गोठ्यात गेलीस. पाखरीनं तुझ्या गळ्यातला हार खाल्ला. सगळं घर हसलं. मी हसले नाही. माझ्या हातून गूळ घेताना ती आधी चार वेळा मान झटकायची, आणि तुझा हार मात्र तिनं देठासकट खाल्ला.

त्या दिवसापासून मी तुझं एकेक मोजत गेले. आबा चंद्राच्या अंगावरचे केसांचे भोवरे तुला दाखवायला लागले. कुठला भोवरा शुभ, कुठला खोटा, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, मुलीच्या जातीला काय करायचंय म्हणून. तू सूनच ना गं, तूही मुलीचीच जात! पण तुला ते सांगायचे, कारण तू उलट सांगायचीस. "आबा, आमच्याकडं ह्या भवऱ्याला वाईट न्हाई म्हणत," असं म्हणून तू त्यांच्याशी वाद घालायचीस, आणि आबा चिडायच्या ऐवजी खूश व्हायचे. मी एकदा वाद घातला तर त्यांनी मला चहा टाकायला पाठवलं. तुझा चहासुद्धा माझ्यापेक्षा बरा व्हायचा, पण ते जाऊ दे.

पाखरी दोन वर्षांची होत आली त्या हिवाळ्यात तालुक्याला जनावरांचं प्रदर्शन भरणार असं कळलं. बैल, म्हशी, आणि पहिल्यांदाच घोडी. त्यात एक वर्ग लहान घोड्यांचा. पाठीवर कोणी बसायचं नाही, खोगीर घालायचं नाही, हाती धरून आणायचं, उभं करायचं, चालवायचं, दुडकी पळवायचं. डोक्याला काय बांधायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आबा जेवताना म्हणाले, "जो पाखरीला आत घेऊन जाईल ना, पाखरी त्याची. मी लिवून देत नाय, पन माजा शब्द हाय."

त्यांनी हे सहज म्हटलं असेल. पण तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. सासरी जाताना पाखरी आंदण म्हणून माझ्याबरोबर येईल, हे मी मनात कधीच पक्कं केलं होतं. कुठल्या सासरी, त्यांच्याकडे गोठा आहे का, याचा विचार मी केला नव्हता. मला फक्त एवढं माहीत होतं की ती तुझ्याकडे राहायला नको.

मग ते डोक्याचं प्रकरण सुरू झालं. तुला आठवत असेल, पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मी नेऱ्याच्या एका फार्महाऊसवरच्या माळ्याला सांगून तिथला इंग्रजी लगाम दोन दिवसांसाठी आणला. काळं चकचकीत चामडं, तोंडात घालायची लोखंडी कडी. पाखरीच्या तोंडात ती मोठ्या मुश्किलीनं घातली. तिनं जीभ कडीवरून बाहेर काढली, मान वर टाकली आणि मागे मागे सरत शेणाच्या ढिगाऱ्यात गेली. तू जवळ गेलीस, कडी काढलीस, अंगठ्यानं तिच्या ओठाचा कोपरा चोळलास. मग म्हणालीस, "वन्सं, कोवळं तोंड हाय. आत्ताच लोखंड दिलं तर जन्मभर ओढत ऱ्हाईल. हातानं ऐकती तवर हातानंच सांगावं."

मी म्हटलं, "तुज्या घाटावर आसंल तसं. हितं मोठी मानसं येनार हायेत."

"म्हणून तर," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू सुतळी घेऊन पाखरीचं तोंड मापलंस. कानामागून गालापर्यंत, गालावरून नाकापर्यंत, नाकाभोवती. प्रत्येक मापाला एकेक गाठ. मी दारातून बघत होते. ब्लाउजचं माप घेतल्यासारखी तू तिला मध्येच "हूं, सरळ" म्हणत होतीस आणि ती खरंच मान सरळ करत होती. नंतर तू आबांना समजावून सांगितलंस ते मला शब्द न् शब्द पाठ आहे, कारण मी स्वयंपाकघरात चूल फुंकायचं थांबवून ऐकत होते. पाखरीचं तोंड बारीक आहे, नाजूक आहे, त्यावर रुंद पट्टा घातला तर पट्टाच दिसेल, घोडी दिसणार नाही. जाडजूड डोक्याच्या घोड्याला रुंद पट्टा शोभतो, कारण तो झाकतो. आपल्याला झाकायचं काय आहे? तर पट्टा करंगळीएवढा हवा. नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटं, आणि आत दोन बोटं जातील एवढी सैल. रंग तिच्या अंगाचाच, तांबूस, म्हणजे लांबून पट्टा वेगळा कळणार नाही. पितळेची एकच कडी, हनुवटीखाली, दोरी अडकवायला. आणि काय बांधायचं ते आजपासून बांधायचं, प्रदर्शनाच्या दिवशी नवं काही नाही.

आबा म्हणाले, "आगो, मग ती मोहरकीच झाली ना. साधी मोहरकी बांदून परदर्शनाला?"

"साधीच, पण बसलेली," तू म्हणालीस.

पनवेलच्या बाजारातून तू चामड्याची पट्टी आणलीस. दाभण, मेण लावलेला दोरा, आणि मागच्या पडवीत बसून आठ दिवस शिवत होतीस. मला तू एकदा दोरा धरायला बोलावलंस. मी नाही आले. मला अभ्यास आहे म्हणाले, आणि दहावी होऊन मला तीन वर्षं झाली होती.

आबांनी आम्हा दोघींना अंगणात पाखरीला चालवायला लावलं, एकीनंतर एक. मी दोरी आखूड धरली, ती माझ्या पुढे पुढे ओढत गेली आणि वळताना माझ्या पायावर पाय देऊन गेली. तू दोरी सैल सोडलीस आणि तिच्याकडे न बघता चालायला लागलीस. ती तुझ्या खांद्याजवळ चालत राहिली, तू थांबलीस की थांबायची. आबांनी काही जाहीर केलं नाही. फक्त तुला म्हणाले, "तुला पाचवारीत नाय जाता येनार, नववारी नेस, धावायला बरी." असा निकाल लागला. मी लंगडत आत गेले आणि पायाला हळद लावून दिली ती तूच.

आता ऐक. किंवा ऐकू नकोस, तुला हे माहीतच होतं.

पाखरी पाळण्यातली म्हणावी एवढी असल्यापासून मी तिला नाचायला शिकवत होते. वरातीच्या घोडीला नाचावं लागतं. चंद्राच्या डोक्याला लाल पट्ट्याचा, गोंड्यांचा, दोन पदरी घुंगरांचा साज चढला आणि घुंगरू वाजलं की तिचे पाय आपोआप उचलायचे. मी तो साज पेटीतून चोरून काढायची, खाचरापलीकडे पाखरीला घेऊन जायची, घुंगरू वाजवायची, पाय उचलला की गूळ. हे कोणाला माहीत नव्हतं. माझ्याकडे असलेली ती एकच गोष्ट होती जी तुला येत नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पाखरी खरारा करून, शेपूट विंचरून उभी होती. तुझी मोहरकी तिच्या तोंडावर अशी बसली होती की तिच्याबरोबरच जन्मली असावी. मी आबांकडे गेले आणि म्हटलं, "आबा, फार्महाऊसवाले आपली घोरी कशी सजवून आनतील, आनि आपली आशी, कुनाच्या तरी टांग्याची सुटल्यासारकी? चंद्राचा साज घाला ना तिला. तुमची वलक हाय ती." आबांची दुखरी जागा मला ठाऊक होती. टांगा गेल्यापासून ते पनवेलात मान खाली घालून चालायचे. ते लगेच उठले आणि पेटी उघडली.

तू म्हणालीस, "आबा, नको. घुंगरू वाजलं तर ती नाचंल."

"ती कशाला नाचंल? तिला कुनी शिकवलंय?" आबांनी विचारलं.

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "मी नाय कधी नाचवली."

तेव्हा तुझी नजर माझ्या पदराच्या टोकाकडे गेली. तिथे गुळाचा चिकट डाग होता आणि त्यावर दोन मुंग्या फिरत होत्या. तू डाग बघितलास, मुंग्या बघितल्यास, आणि आबांच्या हातातून साज घेतलास. सासऱ्यापुढे किती ताणायचं ते तुला कळत होतं. पण मोहरकी तू काढली नाहीस. तिच्यावरूनच साज चढवलास. मला वाटलं घाईत राहिली.

मैदानात दोरी बांधून चौकोन केला होता. परीक्षक म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले जनावरांचे एक डॉक्टर, उंच, हातात वेताची काठी. सहा शिंगरं होती. फार्महाऊसवाल्यांची दोन, ती खरंच देखणी, तोंडात कड्या घातलेली. एकाच्या हनुवटीखाली साखळी होती आणि ते सारखं फेसाळत होतं. तू आत गेलीस. नववारी, डोक्यावर पदर, पायात काही नाही. पाखरीनं मान हलवली, घुंगरं वाजली आणि तिचे पाय सुरू झाले.

आधी उजवा, मग डावा. मग मागचे. माझं काम तिनं इमानानं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या, कोणीतरी ओरडलं, "नवरदेव कुठंय?" डॉक्टर म्हणाले, "बाई, घोडी मला चालताना बघायची आहे, वरातीत नाही." मैदान हसलं. आबा माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. आणि मला काय वाटलं सांगू? एक क्षण मला फार बरं वाटलं. तुझी कधी फजिती झालेली मी बघितली नव्हती.

मग तू पाखरीला वळवून दोरीपाशी आणलंस, अगदी माझ्यासमोर. साजाचे दोन बंद सोडलेस. खाली तुझी मोहरकी होतीच, तशीच, बसलेली. तो सगळा लाल गोंड्यांचा साज तू दोन्ही हातांनी, आवाज होऊ न देता, माझ्या हातात दिलास.

"वन्सं, धरा. वाजू देऊ नका."

दुसरेही उभे होते तिथे. आबा होते, दादा होता. तू माझ्याच हातात दिलंस.

पाखरी परत आत गेली आणि उभी राहिली. चारी पाय चार जागी, मान वर, कान पुढे. त्या बारीक तांबूस पट्टीतून तिचं तोंड असं दिसलं की मीही ते पहिल्यांदाच बघत होते. डॉक्टरांनी काठी काखेत धरली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. पाखरी आता जिंकणार, आणि मग ती कायमची तुझीच, हे मला दिसत होतं. साज माझ्या पोटाशी होता.

मी वाजवला.

एकदाच. मनगट हललं म्हणावं एवढंच. एका घुंगराचा आवाज झाला. पाखरीनं पुढचा उजवा पाय उचलला. तू मागे वळून बघितलं नाहीस. नुसता तळहात तिच्या मानेवर ठेवलास आणि म्हणालीस, "हूं." तिनं पाय खाली ठेवला. नंतर तू तिला चालवलंस, पळवलंस, थांबवलंस. मी तोवर साज असा आवळून धरला होता की पितळेचे वळ तळहातावर उठले.

दुसरा नंबर आला. पहिला फार्महाऊसवाल्यांच्या शिंगराला गेला. डॉक्टर आबांना म्हणाले, "मालक, तुमच्या घोडीनं एक पाय हलवला नसता तर मला विचार करावा लागला असता. आणि हे डोक्याचं कोणी केलं? सहाजणांत एवढ्या एकाच जनावराचं तोंड मला नीट दिसलं." आबांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी ते मी कधी बघितलं नव्हतं, माझ्या लग्नातही नाही.

टेम्पोतून परत येताना तू आबांना सांगितलंस, "वन्सं व्हत्या म्हणून निभावलं. घुंगरू गच्च धरून उभ्या व्हत्या." आबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताचं ओझं मला अजून आठवतं. वहिनी, तू मला तिथेच सगळ्यांसमोर एक मुस्काटात दिली असतीस तर मी तुला माफ केलं असतं. तू मला वाचवलंस, त्याची माफी मला जमली नाही.

घरी आल्यावर साज पेटीत ठेवताना आबांना एक घुंगरू कमी दिसलं. माझ्यावर ओरडले, "हातात धरलावतास ना? कुठं पारलंस?" मी सगळा टेम्पो झाडून काढला. सापडलं नाही. तू पडवीत बसून तांदूळ निवडत होतीस.

पाखरी तुझी झाली. दीड वर्षानं माझं लग्न झालं ते खांदा कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. घोडी आंदण मिळाली असती तरी ती बहुतेक गॅलरीतच बांधावी लागली असती. पाठवणीच्या वेळी तू वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पिशवीत सरकवलंस. मी उघडून बघितलं, तर मोहरकी.

आपल्यात जनावर विकलं किंवा दिलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरातलं बरं जातं म्हणतात. घेणाऱ्यानं आपली दोरी आणायची. तू तर जनावर ठेवून घेतलंस आणि दावं मला दिलंस. मी तिथेच, हळदीच्या हातांनी, दात ओठ खात म्हटलं, "घोरी ठेवलीस नि दोरी माज्या गल्यात का?"

तू म्हणालीस, "दावं ज्याच्या घरात, जनावर त्याचं. माझ्याकडं नुसती चरायला हाय."

मला ते टोचण्यासाठीच म्हटलंस असं वाटलं. नवऱ्या रडतात तशी मी रडले, पण रागानं रडले. मोहरकी मी खांदा कॉलनीच्या माळ्यावर फेकली, फुटक्या बादल्यांच्या मागे, आणि नऊ वर्षं तिला हात लावला नाही.

तुला मूल झालं नाही. मला दोन झाली. हे लिहिताना हात थांबतोय, तरी लिहिते. माझी पहिली मुलगी घेऊन मी माहेरी आले तेव्हा मला वाटलं होतं, चला, एका गोष्टीत तरी मी हिच्यापुढे गेले. आणि तू तिला उचललंस, तिच्या टाळूचा वास घेतलास, आणि थेट पाखरीसमोर नेऊन म्हणालीस, "बघ, तुझ्या मालकिणीची लेक." मी ते ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन्ही पोरं मोठी झाली ती सुट्टी लागली की "मामीकडे जायचं" म्हणत. मामाकडे नाही. त्याचाही मला राग यायचा.

कावीळ तू अंगावर काढलीस. पनवेलच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी एकदा भेटून गेले, पेज घेऊन. तू डोळ्यांपर्यंत पिवळी झाली होतीस आणि तरी मला विचारलंस, रिक्षा मिळाली का. चार दिवसांनी शेजारच्या फोनवर दादाचा निरोप आला. "ती बोलते, वन्संना म्हना मोहरकी घेऊन या."

मी काय समजले, सांगू? मी समजले, ही परत मागतेय. मरायला टेकली तरी दिलेलं परत मागतेय. मी म्हटलं, माळ्यावर कुठे आहे ती, शोधावी लागेल, शिडी नाही, रविवारी बघू. शनिवारी सकाळी पुन्हा फोन आला. तेव्हा निरोप मोहरकीचा नव्हता.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिडी आणली. बादल्या खाली काढल्या. मोहरकी बुरसटली होती, पण वर्तमानपत्रात होती म्हणून चामडं धड राहिलं होतं. खोबरेल तेल लावून पुसली आणि घेऊन निघाले. कळंबोलीजवळ नव्या रस्त्याचं काम चाललंय, धूळच धूळ. रिक्षात ती मी पदराखाली धरून बसले.

पाखरी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी होती. फासळ्या दिसत होत्या. दादा म्हणाला, "डोक्याला हात लावू देत नाय. पानी पिते, दोन घास खाते, बास. आशी रायली तर जगायची नाय गो." मी मोहरकी पुढे केली. तिनं नाक पुढे आणून हुंगली. खूप वेळ हुंगली. मग मान खाली घातली, घाल म्हणून. माझा हात हुंगला नाही, मोहरकीच हुंगली. मला ते लागलं, वहिनी, तेव्हाही लागलं.

पण ती बसेना. दोन वर्षांच्या पाखरीचं माप ते. गालावर दोन बोटं कमी पडत होती. मी पट्टी चाचपून बघितली तर गालापाशी चामडं आत दुमडून शिवलेलं होतं. वाढत्या पोरीच्या परकराला आत टीप घालून ठेवतात तसं. तू तिच्या वाढीचं आधीच धरून ठेवलं होतंस. उजव्या बाजूची टीप ब्लेडनं उसवली आणि पट्टी दोन बोटं लांब झाली. डाव्या बाजूची टीप वेगळ्या दोऱ्याची होती, पांढऱ्या, नंतर घातलेली. ती उसवली आणि दुमडीतून काहीतरी माझ्या मांडीवर पडलं.

घुंगरू. पितळेचं, साजाचं. त्याचं तोंड पक्कडीनं दाबून बंद केलेलं.

मी ते कानाशी हलवलं. वाजलं नाही.

एवढ्या घुंगरांतून नेमकं कुठलं वाजलं ते तुझी पाठ असूनही तुला कळलं होतं का, की तू कुठलंही एक काढलंस, ते मला आता कधी कळणार नाही. पण तू ते काढलंस, बंद केलंस, आणि पाठवणीच्या दिवशी माझ्याच पिशवीत घातलंस. आणि मी ते नऊ वर्षं माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर, बादल्यांच्या मागे ठेवलं. दर वेळी माहेरी आले की मी तुझ्या तोंडाकडे बघायची, आज ही विषय काढेल, आज काढेल. तू तर विषय कधीच मिटवून माझ्या हाती दिला होतास.

पाखरीच्या तोंडावर मोहरकी चढवली. नाकपट्टीत दोन बोटं घालून बघितली, तू घालायचीस तशी. बरोबर गेली. मग मी तिच्या मानेवर तळहात ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "मीच वाजवला होता." दादा दारात होता. "काय बोललीस?" म्हणाला. मी त्याला सांगितलं, सगळं, साजापासून. तो म्हणाला, "ती गेली त्याच्या आदल्या दिवशी बोलत होती, मोहरकी आली की पाखरी वन्संच्या हाताला लावून देते, म्हणजे मागं तिचं हाल नाय व्हायचे."

मी दोरी सैल सोडली आणि तिच्याकडे न बघता चालायला लागले. गोठ्यातून अंगणात, अंगणातून पडवीपाशी. ती माझ्या खांद्याजवळ चालत आली. मी हिरवा चारा हातात धरला. तिनं घेतला, चावला, आणखी घेतला. पण तोंड सगळा वेळ तुझ्या खोलीच्या दाराकडे.

मला वाटलं होतं या वेळीही मी जळेन. दार उघडंच होतं, आत तुझी नववारी दांडीवर तशीच होती. पाखरी चारा चावायची थांबली आणि कान पुढे केले. मीही हातातली पेंढी खाली ठेवली, आणि आम्ही दोघी तुझी वाट बघत उभ्या राहिलो.